अनुमोदनेचे पाप

मोबाइलच्या पडद्यावरून होणाऱ्या छळाविषयी, म्हणजे ज्याला आता सर्रास सायबर बुलिंग म्हटले जाते त्याविषयी, मराठीत जे लिहिले जाते ते बहुतांशी कायद्याच्या, पोलिसांच्या किंवा मानसोपचाराच्या अंगाने लिहिलेले असते. या तिन्ही अंगांची गरज मान्य केली तरी त्यांच्या हातून एक प्रश्न निसटतो आणि तो नीतिशास्त्राचा आहे. एखाद्या शाळकरी मुलीची वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बदनामी होते, तेव्हा मूळ मजकूर एकाने तयार केलेला असतो, तो पुढे ढकलणारे चार-दोन असतात आणि त्याखाली हसरे चेहरे डकवणारे किंवा काहीच न बोलता तो पाहून घेणारे पन्नास-साठ असतात. दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊल टाकताना त्या मुलीला धास्ती वाटते ती त्या एकापेक्षा उरलेल्या साठांच्या नजरेची. पण त्या साठांपैकी कोणालाही विचारले, तर आपण काहीच केले नाही असे तो अगदी प्रामाणिकपणे सांगेल. ज्या कृत्यात प्रत्येकाचा वाटा बोटाच्या एका स्पर्शाएवढा आहे, पण ज्याचा परिणाम एका कोवळ्या मनाला अंथरुणाला खिळवण्याइतका आहे, त्याचा कर्ता कोणाला मानावे आणि त्या कर्तृत्वाचे मोजमाप कशाने करावे, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी लागणारी सामग्री कोल्हापूरकरांना दूर जाऊन शोधावी लागत नाही. शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांतील जैन शेतकरी समाज, कोल्हापूर शहरातील लक्ष्मीसेन भट्टारकांचा मठ, कुंभोजजवळचे बाहुबली आणि १८९९ मध्ये स्तवनिधी येथे स्थापन झालेली दक्षिण भारत जैन सभा यांमुळे दिगंबर जैन परंपरा या जिल्ह्याच्या रोजच्या जगण्यात मुरलेली आहे. राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकवणारे डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी कुंदकुंदाचार्यांच्या ‘प्रवचनसार’ या प्राकृत ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती १९३५ मध्ये सिद्ध केली आणि या परंपरेच्या आधुनिक अभ्यासाचा पाया ज्या थोड्या विद्वानांनी घातला, त्यांच्यात कोल्हापूरचे नाव नेऊन बसवले. असे असूनही अहिंसा म्हटली की सामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर मुखपट्टी, पाणी गाळून पिणे आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण एवढेच येते, ही खेदाची गोष्ट आहे. कारण वाणीने होणाऱ्या हिंसेचे जेवढे बारीक विश्लेषण या परंपरेने केले आहे, तेवढे भारतीय विचारात अन्यत्र क्वचितच आढळते.

प्रारंभ हिंसेच्या व्याख्येपासून करणे सोयीचे होईल. उमास्वामींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’नुसार प्रमादाने, म्हणजे बेफिकिरीने किंवा क्रोध-मान-माया-लोभ या कषायांच्या आहारी जाऊन, दुसऱ्याच्या प्राणांना इजा करणे म्हणजे हिंसा होय. येथे ‘प्राण’ हा शब्द अनेकवचनी आहे, हे ध्यानात ठेवावे लागते. जैन गणनेप्रमाणे माणसाला दहा प्राण असतात: पाच इंद्रिये, श्वासोच्छ्वास, आयुष्य आणि कायबल, वचनबल, मनोबल ही तीन बले. मनोबल हाच जर प्राण असेल, तर ज्या मुलाचे मन खचले आहे, ज्याचे अभ्यासावरून, जेवणावरून, मित्रांवरून लक्ष उडाले आहे, त्याचा एक प्राण हिरावला गेला आहे, असे या शास्त्राच्या भाषेत शब्दशः म्हणता येते, त्यासाठी अलंकाराचा आधार घ्यावा लागत नाही. ‘अंगाला हात तरी लावला का?’ हा छळ करणाऱ्याचा नेहमीचा बचाव या व्याख्येपुढे उभा राहत नाही.

दुसरा नेहमीचा बचाव असतो तो ‘खरे तेच तर लिहिले’ हा. त्याचेही उत्तर दिलेले आहे. तत्त्वार्थसूत्रावरील ‘सर्वार्थसिद्धी’ या टीकेत पूज्यपादांनी असत्याचा अर्थ लावताना मजकूर वस्तुस्थितीला धरून आहे की नाही या कसोटीवर थांबणे नाकारले आहे. ज्या बोलण्याने जीवाला पीडा होते ते अप्रशस्त, आणि म्हणून ते असत्याच्याच वर्गातले, असे त्यांचे म्हणणे आहे. त्याहून थक्क करणारी आहे ती गृहस्थाच्या सत्यव्रताच्या अतिचारांची, म्हणजे व्रताला बट्टा लावणाऱ्या दोषांची यादी. त्या पाचांपैकी तीन दोष असे: स्त्री-पुरुषांच्या एकांतातील गोष्टी उघड करणे हा ‘रहोभ्याख्यान’; दुसऱ्याने जे म्हटलेले वा केलेले नाही ते त्याच्या नावावर लिहून फसवणे ही ‘कूटलेखक्रिया’; आणि दुसऱ्याच्या हावभावांवरून, प्रसंगावरून त्याच्या मनातले ताडून ते मत्सरापोटी चव्हाट्यावर मांडणे हा ‘साकारमंत्रभेद’. खाजगी छायाचित्र पसरवणे, खोटे खाते उघडून त्यावरून मजकूर टाकणे आणि विश्वासाने केलेल्या संभाषणाचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकणे, या आजच्या तीन सर्रास प्रकारांसाठी नवी नीतिसंहिता रचण्याची आवश्यकता नाही; दीड हजार वर्षांपूर्वीच्या टीकाकारांना मोबाइल ठाऊक नव्हता, माणूस मात्र पुरता ठाऊक होता.

तरीही या परंपरेचे खरे योगदान याच्या पुढचे आहे. जैन विचारात कोणतेही कृत्य तीन प्रकारे घडते: कृत, म्हणजे स्वतः केलेले, कारित, म्हणजे दुसऱ्याकडून करवलेले, आणि अनुमत, म्हणजे दुसऱ्याने केलेल्याला मनाने, वाणीने वा देहाने संमती दिलेले. मन-वचन-काय यांच्याशी या तिन्हींचा गुणाकार केला की नऊ कोटी होतात. त्यांना संकल्प, तयारी व प्रत्यक्ष प्रारंभ या तीन अवस्था आणि चार कषाय यांनी गुणले की दोषांचे एकशे आठ प्रकार होतात, आणि जपमाळेतील मण्यांच्या संख्येचा संबंध पुष्कळदा याच गणिताशी जोडला जातो. कर्मग्रंथांच्या टीकापरंपरेत अनुमतीचेही पुन्हा तीन स्तर केलेले आढळतात. दुसऱ्याच्या पापाचा स्वतः उपभोग घेणे आणि त्याची वाहवा करणे हा पहिला. ते कानावर आले असूनही न रोखता संमत करणे हा दुसरा. आणि ऐकले नाही, वाखाणले नाही, पण करणाऱ्यांविषयीचे ममत्व सुटत नाही म्हणून त्यांच्यातच राहणे, हा तिसरा व सर्वांत सौम्य.

ही वर्गवारी एका कल्पित पण रोजच्या उदाहरणाला लावून पाहावी. नववीतल्या एका मुलीचे शाळेच्या स्नेहसंमेलनातील छायाचित्र कोणीतरी एका ॲपमध्ये घालून विद्रूप करतो; दुसरा ‘टाक की ग्रुपवर’ म्हणून त्याला भरीस घालतो; तिसरा ते शेजारच्या तुकडीच्या ग्रुपवर पाठवतो; चौथा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा पिवळा चेहरा डकवतो; पाचवा ते पाहतो, त्याला वाईटही वाटते, पण तो गप्प राहतो; आणि सहावा महिनोन्‌महिने तो ग्रुप उघडत नाही, मात्र सोडतही नाही, कारण सोडल्यास आपलीच ‘मापं काढली’ जातील ही भीती असते. पहिला कृत, दुसरा कारित, तिसरा एकाच वेळी कृत व अनुमत. चौथा, पाचवा, सहावा हे अनुमतीच्या त्या तीन पायऱ्यांवर उभे आहेत. आधुनिक नीतिशास्त्रात ‘बघ्याची जबाबदारी’ म्हणून जो विषय चर्चिला जातो, तो इथे बघ्यांना एका पोत्यात न भरता वेगवेगळा तोलला गेला आहे, आणि पाचव्याला चौथ्याइतके दोषी धरलेले नाही, ही त्यातील न्यायबुद्धी विशेष दाद देण्याजोगी आहे. अमृतचंद्राचार्यांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात हिंसा करणारा एक आणि तिच्या फळाचे वाटेकरी अनेक, तसेच उलटही, कसे संभवते याचा ऊहापोह केला आहे, तो या सहा जणांना तंतोतंत लागू पडतो.

आणखी एक बारकावा असा, की दिगंबर परंपरेत श्रावकाच्या, म्हणजे गृहस्थ साधकाच्या, चढत्या क्रमाने अकरा प्रतिमा किंवा पायऱ्या सांगितल्या आहेत, त्यांत स्वतः आरंभ, म्हणजे हिंसायुक्त उद्योग, करणे सोडण्याची पायरी आठवी आहे आणि अनुमती सोडण्याची दहावी. स्वतः न करणे तुलनेने सोपे; दुसऱ्याने केलेल्यात मनातल्या मनात रमणे सोडायचे, हे त्याहून दोन पायऱ्या अवघड. ज्या शहरात पेठांची आणि तालमींची ईर्षा फुटबॉलच्या मैदानावरून थेट मोबाइलच्या स्टेटसवर उतरते आणि डिवचणे हा जिथे जवळजवळ कलाप्रकार मानला जातो, त्या शहराला हा क्रम पटवून द्यावा लागू नये.

मात्र येथेच एक धोक्याचे वळण आहे. अनुमोदना हे जर पाप असेल, तर अनुमोदना करणाऱ्यांना शिक्षा का करू नये? महाराष्ट्राने हा प्रयोग करून पाहिला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर मजकूर लिहिल्याबद्दल पालघरमधील एका तरुणीला अटक झाली, आणि तो मजकूर ‘लाइक’ केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीलाही. एका मुलीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. त्यातून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवले आणि चर्चा, पुरस्कार व चिथावणी या तिन्हींत भेद करून केवळ चिथावणीच्या टप्प्यावर राज्याला हस्तक्षेपाचा अधिकार राहतो असे सांगितले. कोल्हापूरचा अनुभव त्याहून ताजा आहे. जून २०२३ मध्ये काही तरुणांनी ठेवलेल्या आक्षेपार्ह स्टेटसवरून शहरात बंद पुकारला गेला, छत्रपती शिवाजी महाराज चौकात जमलेल्या जमावातून दगडफेक झाली, पोलिसांना लाठीमार करावा लागला आणि इंटरनेट बंद ठेवावे लागले. ज्यांचे स्टेटसशी काडीचे देणेघेणे नव्हते, अशांच्या दुकानांवर दगड पडले. सामुदायिक जबाबदारीची कल्पना दुसऱ्याच्या दिशेने वळवली की तिचे काय होते, ते या दोन प्रसंगांत दिसते.

कायद्याचे माप कोणते, हेही याच जिल्ह्यातील एका प्रकरणाने स्पष्ट केले. हातकणंगले तालुक्यातील एका महाविद्यालयीन प्राध्यापकावर व्हॉट्सॲप स्टेटसमधून कलम ३७० रद्द करण्यावर टीका केल्याबद्दल गुन्हा नोंदवला गेला होता. ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर मनाच्या माणसावर काय होईल यावरून जोखावा, दुबळ्या व डळमळीत मनाच्या माणसावरून जोखू नये, या तत्त्वाचा न्यायालयाने त्या वेळी आधार घेतला. हे तत्त्व १९४६ मध्ये नागपूरच्या उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी मांडले होते. राज्यसंस्थेसाठी हे माप योग्यच आहे, कारण सर्वांत हळव्या श्रोत्याच्या मापाने भाषणस्वातंत्र्य आखले तर कोणालाच तोंड उघडता येणार नाही.

परंतु हेच माप जर चौदा वर्षांच्या मुलाच्या ग्रुपमध्ये नेले, तर त्याचा अर्थ ‘तुझे मनच कमकुवत, त्याला आम्ही काय करणार’ असा होतो, आणि घराघरांतून, वर्गावर्गांतून नेमके हेच उत्तर दिले जाते. पौगंडावस्थेतील मन व्याख्येनेच अद्याप खंबीर झालेले नसते. आवेग आवरणारा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो आणि सवंगड्यांच्या पसंतीची भूक मात्र बाराव्या-तेराव्या वर्षीच तीव्र होते. पूर्वीचा छळ शाळेच्या फाटकाशी थांबे व घर हे आश्रयस्थान राही; आता तो उशाशी येतो, पुसला जात नाही, आणि पाहणारे किती आहेत हे छळल्या जाणाऱ्याला कधीच मोजता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ४४ देश-प्रदेशांच्या पाहणीत सहा शाळकरी मुलांपैकी सुमारे एकाने असा छळ अनुभवल्याचे नोंदवले होते. अहिंसेचे माप याच कारणाने वेगळे ठेवलेले आहे: ते ऐकणाऱ्याच्या खंबीरपणावर अवलंबून नसते, बोलणाऱ्याच्या प्रमादावर असते. समोरचा जगो अथवा मरो, जो बेफिकीरपणे वागतो त्याला दोष लागलेलाच आहे, असा ‘प्रवचनसारा’चा अभिप्राय आहे. शिक्षा देण्यासाठी न्यायालयाचे माप आणि स्वतःला तपासण्यासाठी हे दुसरे, अशी दोन मापे एकाच वेळी बाळगणे भाग आहे. पालघरमध्ये स्वतःसाठीचे माप दुसऱ्यावर चालवले गेले, आणि शाळांच्या ग्रुपवर दंडासाठीचे माप स्वतःच्या सुटकेसाठी वापरले जाते.

ज्याचा छळ झाला त्याच्या बाजूने मात्र धर्मविचाराला एका कठीण आक्षेपाला तोंड द्यावे लागते. सुख-दुःख हे ज्याच्या त्याच्या कर्माचे फळ, असे मानणारे दर्शन छळल्या गेलेल्या मुलाला काय सांगणार? ‘तुझ्याच कर्माचा उदय’ असे सांगणारे वडीलधारे आजही भेटतात आणि आपण शास्त्र सांगत आहोत असा त्यांचा समज असतो. तो अर्धवट आहे. तत्त्वार्थसूत्रानुसार दुसऱ्याला दुःख, शोक, आक्रंदन, विलाप करायला लावणारा स्वतःसाठी असातावेदनीय, म्हणजे दुःख देणारे, कर्म बांधतो. समोरच्याचे कर्म काहीही असो, निमित्त होणाऱ्याचा हिशेब त्यामुळे माफ होत नाही. शिवाय कर्मसिद्धांत हा ज्याने त्याने स्वतःविषयी करायचा विचार आहे. रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर तो फेकणे ही स्वतःच वचनहिंसा ठरते.

क्षमेचा उपदेशही तितकाच जपून करावा लागतो. मराठी परंपरेत याचे सर्वांत परिचित उदाहरण मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांचे आहे. संन्याशाची मुले म्हणून ज्ञानेश्वर-मुक्ताबाईंसह चौघा भावंडांना वाळीत टाकले गेले, आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, आणि आख्यायिकेनुसार एकदा झालेल्या अपमानाने व्यथित होऊन ज्ञानेश्वरांनी झोपडीचे दार, म्हणजे ताटी, लावून घेतली. तेव्हा धाकट्या बहिणीने बाहेर बसून त्यांची समजूत घातली. जगाचा राग सोसण्याचा तिचा सल्ला आजचे पालक व शिक्षक हवाला देऊन सांगतात, पण एक गोष्ट विसरतात. तो सल्ला देणाऱ्या मुक्ताबाईंवरही तोच शिक्का बसलेला होता. आळंदीच्या ब्रह्मवृंदाने तो दिला असता तर तो छळाचाच पुढचा भाग ठरला असता. दारामागे बसलेल्याला क्षमा शिकवण्याचा अधिकार, असलाच तर, बरोबरीने सोसणाऱ्याला आहे. आणि त्या सोसणाऱ्यानेही आधी दाराशी येऊन बसायचे असते.

जैन व्यवस्थेत क्षमा मागण्याची सुरुवात दोष करणाऱ्याकडून होते. भाद्रपदातील दशलक्षण पर्वाच्या शेवटी येणारी क्षमावाणी यासाठीच आहे. अलीकडे त्या दिवशी एकच सजवलेले चित्र शेकडो क्रमांकांना एकाच वेळी पाठवले जाते, कोणाचे काय चुकले याचा त्यात उल्लेखही नसतो. शास्त्राला हे अपेक्षित नाही. आलोचनेचे, म्हणजे दोष उघड करण्याचे, दहा दोष सांगितले आहेत. त्यांत जेवढे दुसऱ्यांनी पाहिले तेवढेच कबूल करणे हा एक, आणि गलबल्यात, कोणाला नीट ऐकू जाणार नाही अशा वेळी कबुली देणे हा दुसरा. सर्वांना मिळून पाठवलेली माफी या दोन्हींत मोडते. ज्या शाळेत असा प्रकार घडला, तिथे प्राचार्यांच्या दालनात एका मुलाकडून लिहून घेतलेला माफीनामा आणि बाकी साठ जण मोकळे, या रूढ उपचारापेक्षा, त्या साठांनी आपापला वाटा, हसलो, पुढे पाठवले, पाहून गप्प राहिलो, असा नेमक्या शब्दांत स्वतःपुरता लिहिणे अधिक शास्त्रशुद्ध आणि बहुधा अधिक परिणामकारक ठरेल. हे लेखन सर्वांसमोर वाचून दाखवायचे नाही, आणि त्या मुलीची इच्छा नसेल तर तिच्यापर्यंतही न्यायचे नाही.

जिथे मन खचून जीवावर बेतण्याची शंका येते, तिथे शास्त्रार्थ बाजूला ठेवावा. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते व तिची काळजी घेणे, उपचार व पुनर्वसन करणे ही शासनाची जबाबदारी मानली जाते. म्हणून पोलिसांच्या भीतीने कोणी मदत मागणे टाळू नये. टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असून तिथे मराठीतून बोलता येते, मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे, आणि खोटे खाते किंवा छायाचित्राविषयीची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवता येते. तक्रार करण्यापूर्वी संतापाच्या भरात मजकूर पुसून टाकू नये. त्याचे स्क्रीनशॉट, खात्याचे नाव आणि तारीख-वेळ जपून ठेवावी.